बिनडोक मशीन

सूर्यावर वादळ उठलं आणि मिरजेतल्या सगळ्या हुशार वॉशिंग मशीन एका दुपारी बंद पडल्या. कंपनीचा उपग्रहच जळाल्यामुळे त्यांना हुकूम देणारं कोणी उरलं नव्हतं. इस्पितळातल्या धुतलेल्या चादरी संपल्या, ऑपरेशनं खोळंबली. तेव्हा तिथल्या रोझलिन सिस्टर गाठोडी घेऊन हर्षदा शेडगेच्या पत्र्याच्या शेडपाशी आल्या.

लोकांनी मुदत संपली म्हणून फेकलेल्या वॉशिंग मशीन आणि ड्रायर हर्षदा कित्येक वर्षं भंगारातून उचलून आणत होती. त्यांचा मेंदू काढून ती साधं फिरवायचं बटण बसवायची. "घराचा उकिरडा केलास," म्हणून तिचा नवरा विलास सारखा कुरकुरायचा.

हर्षदानं बटणं फिरवली. एकेक ड्रम घरघरत फिरू लागला. संध्याकाळी ड्रायरमधून निघालेल्या गरम चादरींच्या घड्या विलासच घालत होता.

"केवढा आधार झाला! कुठल्या कंपनीच्या आहेत हो या?" सिस्टरांनी विचारलं.

हर्षदा तोंड उघडणार, तेवढ्यात विलास छाती फुगवून म्हणाला, "कंपनी कसली, सिस्टर? आमच्या हिनं केल्यात!"

हर्षदानं घाईघाईनं पुढचं गाठोडं सोडायला घेतलं, पण हसू काही तिला लपवता आलं नाही.