पटलावर

शरयूने बेल दाबली आणि डबा या हातातून त्या हातात घेतला. शिरा अजून गरम होता.

दार राजीवने उघडलं. कानाला हेडफोन, मीटिंग चालू. तिला बघून त्याने माइक म्यूट केला. बावीस महिन्यांत ती या दारात उभी राहिली नव्हती.

"वहिनी?"

"शिरा आणलाय, भावजी. प्रसादाचा. आत येऊ?"

तो बाजूला झाला. ती जिन्याच्या खालच्या पायरीपाशी जाऊन थांबली. वर, उजव्या हाताची बेडरूम. तिथल्या ड्रॉवरमधलं पिस्तूल राजीवच्या पाच वर्षांच्या भाच्याला सापडलं, आणि शेजारी नखं रंगवत बसलेली शरयूची लेक प्रीता गेली. चौदा वर्षांची. पोलिसांनी अपघात म्हणून लिहिलं. पिस्तूल उघडं ठेवणं या राज्यात गुन्ह्यात बसत नव्हतं. महिन्याभरात राजीवला सही घेऊन ते परत मिळालं. आता ते पुन्हा त्याच ड्रॉवरमध्ये होतं.

हे तिला अनिकाने सांगितलं होतं, राजीवच्या मुलीने. प्रीताची मैत्रीण. आत्ता ती किचन काउंटरवर लॅपटॉप उघडून होमवर्क करत होती. तिने मान वर केली.

"कसला प्रसाद?" राजीवने विचारलं.

"बिल टेबल झालं." शरयूने फोन पुढे धरला. "दुपारी अलर्ट आला. पिस्तूल कुलपाशिवाय ठेवलं की जेल. बावीस महिने कमिटीत कुजत होतं. आज पटलावर आलं बघा."

शरयू नागपूरची. वडील विधानभवनात कारकून होते. हिवाळी अधिवेशनात घरी आले की कोट काढता काढता सांगायचे, आज अमुक विधेयक पटलावर ठेवलं. पटलावर आलं की मग कुणाला लपवता येत नाही, म्हणायचे.

इथे अमेरिकेत ती रोज सकाळी पूजा करताना कीर्तन लावायची आणि निरंजन शांत झालं की विधिमंडळाची वेबसाइट उघडायची. बुवा कळवळून गात, क्षमा करा रे, क्षमेवाचून देव भेटत नाही. तिचे डोळे भरून यायचे. करीन बुवा, म्हणायची. आधी तो आत जाऊ दे.

"टेबल झालं म्हणजे पास थोडंच झालं?" राजीव जरासा हसला. "आणि वहिनी, राइट आहे तो आपला. चोर आला तर काय त्याला म्हणू, थांब रे बाबा, कुलूप काढतो?"

"आला का कधी चोर?"

त्याने हेडफोन गळ्यात सरकवला.

"मतं मोजून ठेवलीत मी. एकेकाच्या ऑफिसला फोन केलेत. पास होतंय. मागचं सुटलात, भावजी. पुढचं नाही सुटणार. पोलिसांना फोन मी करणार. रोज करीन. ते कंटाळतील, मी नाही कंटाळायची."

"तुम्ही मला जेलमध्ये घालणार?"

"हो."

"अहो, नुसतं ग्रीन कार्ड आहे, सिटिझन झालो नाही अजून. एक गुन्हा लागला तर..."

"माहितीय. तेही वाचलंय. शिरा घ्या."

त्याने डब्याला हात लावला नाही. "अनिका, इकडे ये गं. बघ, खरंच टेबल झालंय?"

अनिकाने फोन घेतला. वाचलं. परत एकदा वाचलं.

"हो बाबा. इट सेज टेबल्ड."

राजीवने हेडफोन काढून सोफ्यावर टाकला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

अनिका फोन परत देताना हळू आवाजात म्हणाली, "काकू, इट्स डेड."

"काय?"

"टेबल्ड. इथे ते उलटं असतं. टेबल केलं म्हणजे बाजूला ठेवून दिलं. दे किल्ड इट."

"मत कुणी कुणी दिलं?"

"बिलवर व्होटच नाही झालं, काकू. आय ॲम सो सॉरी."

शरयू पायरीवर बसली. वर ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला. मग राजीवची पावलं. ती कठड्याला धरून उठली.

राजीवच्या एका हातात पिस्तूल होतं. दुसऱ्या हातात प्लॅस्टिकचं पाकीट. पिस्तूल परत देताना पोलिसांनी त्याबरोबर फुकट दिलेलं तारेचं कुलूप. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. त्याने ते दातांनी फोडलं. गोळ्या काढून काउंटरवर ठेवल्या. तार पिस्तुलात ओवताना त्याचा हात दोनदा चुकला. मग खट्ट झालं.

"हे चालेल ना, वहिनी? तुम्ही सगळं वाचलंय. कायद्यात असलंच कुलूप म्हटलंय ना?"

शरयूने अनिकाकडे पाहिलं. अनिकाने नजर हलवली नाही.

"चालेल," शरयू म्हणाली. "पण किल्ली घरात ठेवायची नाही."

"असं कुठे असतं?"

"सेक्शन फोर, बाबा," अनिका म्हणाली.

"मग ठेवायची कुठे?"

शरयूने हात पुढे केला.

 राजीवने कुलपाच्या रिंगमधून एक किल्ली सोडवून तिच्या तळव्यावर ठेवली.

हात तसाच राहिला.

"दोन्ही," ती म्हणाली.