कब्रस्तानाची हद्द

हट्टा गावच्या कब्रस्तानाला लागून ज्याचं शेत होतं, तो दरसाल नांगर थोडा आत घालायचा. मागच्या साली जलालुद्दीनच्या आईची कबर नांगराखाली गेली, तेव्हा जलालुद्दीन दुआ मागून गुपचूप घरी आला होता.

यंदा ट्रॅक्टर त्याच्या लेकीच्या, कहकशाच्या कबरीपाशी आला. त्याची बायको जाहेदा धावत गेली आणि कबरीला खेटून बसली. शेतवाला शिव्या देत खाली उतरला. जलालुद्दीन घाबरून बायकोचा हात ओढू लागला.

"ऊठ, जाहेदा. आपल्याच्यानं काय होतंय? अल्ला पाहून राहिला."

"व्हय, पाहून राहिला," जाहेदा जागची हलली नाही. "मग त्याला आपण बी दिसून राहिलो ना?"

जलालुद्दीनने तिचा हात सोडला आणि तोही ट्रॅक्टरपुढे जाऊन बसला.

हळूहळू लोक जमले, तसा शेतवाल्याने ट्रॅक्टर मागे फिरवला. जाहेदा पदर झटकून उठली. जलालुद्दीन मात्र नांगरलेल्या मातीत उतरून दोन्ही हातांनी जमीन चाचपत होता.

"जाहेदा," तो म्हणाला, "अम्मी इथंच होती ना गं?"