पेलवेल इतकी

लग्न ठरताच निरंजनने गॅलरीत व्यायामशाळा थाटली होती: दोन डंबेल्स आणि वाळूने भरलेले एक पोते. जेजुरीला नवरीला उचलून पाच पायऱ्या चढण्याचा कुळाचार होता, आणि साखरपुड्यातच त्याच्या आत्याबाईंनी अंगाने भरलेल्या नवऱ्या मुलीच्या, मृदुलाच्या देखत निकाल दिला होता, “क्रेन मागवा रे!” न्यायशास्त्राचा तो कृश प्राध्यापक तेव्हा वाद घालत बसला नाही. या विद्वत्तेचे खंडन दंडांनीच करायचे, असे त्याने थंडपणे ठरवले.

आज गडाच्या पायथ्याशी सारे गोत मोबाइल सरसावून उभे होते. त्याने श्वास रोखून मृदुलाला उचलले आणि तो चपापला. ती त्या पोत्याहून कितीतरी हलकी होती. शालूतून तिच्या खांद्याचे हाड टोचत होते.

“जेवण सोडलं होतंस?”

“रात्रीचं फक्त,” ती कानाशी पुटपुटली. “तुमचं हसं व्हायला नको म्हणून.”

पाचवी पायरी आली. “झालं, ठेव आता खाली!” आत्याबाई ओरडल्या.

ते वाक्य त्याने उत्तराच्याही लायकीचे मानले नाही. सहावी पायरी चढता चढता तो मृदुलाला म्हणाला, “आजपासून पोटभर जेवायचं. डंबेल्स मी मोडीत काढणार नाहीये.”