ताऱ्यांची घाई
प्रोफेसर ओर्लिकांचं भाकीत साऱ्या पोलंडला पाठ होतं. एकमेकांभोवती फिरणाऱ्या त्या दोन ताऱ्यांची ग्रहणं दरवर्षी थोडी लवकर होताहेत. म्हणजे ते जवळ येताहेत आणि आणखी सहा वर्षांत एक होतील.

त्यांच्याच सहीवर पीएच.डी. अडलेली बोगना समोर उभी राहिली. "सर, तारे घाई करत नाहीयेत. आपल्या वेधशाळेचं घड्याळ मागे पडत चाललंय."

"घड्याळजीची लेक शोभतेस!"

"रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिलं, सर. तीनदा."

ओर्लिकांनी उठून दाराला कडी लावली.

"कुणाला बोललीस?"

"कुण्णाला नाही."

"मग आजच सांगून टाक, पोरी," ते पुटपुटले. "मला अकरा वर्षांत धीर झाला नाही."