चौथी खुर्ची

सुनेने सकाळीच उकडलेली कोलंबी मेयोनीज, कांदा, लिंबू घालून कालवली होती. दुपारी तिने ती फ्रिजमधून काढून ब्रेडमध्ये भरली. सगळे टेबलाशी बसले, तरी हेमलताबाई सवयीने डाव घेऊन ओट्यापाशी उभ्याच.

"आई, आज गरम वाढायचं काहीच नाही. या उकाड्यात तुम्हीही आमच्याबरोबर बसा."

"म्हणजे भात नाही?" हेमलताबाईंचे यजमान, अण्णा कुरकुरले, पण पहिल्या घासानंतर गप्प झाले.

हेमलताबाई पदराला हात पुसत आल्या. चौथ्या खुर्चीवर इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग होता. टेबल घेतल्यापासून तो तिथेच असायचा.

अण्णांनी उठून ढीग उचलला. कुठे ठेवायचा, हे त्यांना कळेना. हेमलताबाईंचं दुसरं सँडविच संपेपर्यंत ते तो मांडीवर घेऊन बसले.