एलडीआरवरची सावली

प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होती. बटणाएवढ्या एलडीआर सेन्सरवर उजेड पडला की मीटरवरचा आकडा उतरायचा, सावली पडली की चढायचा. मुलांनी आकडे टिपायचे होते. फिजिक्सच्या बाई एका मुलीच्या टेबलावर वाकल्या. “बाई, जरा बाजूला व्हाल? तुम्ही आलात की आकडा बदलतो.” मुलगी बोलून गेली आणि ओशाळली. “बरोबर आहे तुझं,” म्हणत बाई मागे सरल्या. त्यांची आई गेल्यापासून घराचं कुलूप उघडलं तरी आतून “आलीस का गं?” कुणी विचारत नव्हतं. परीक्षा संपली, प्रयोगशाळा रिकामी झाली. बाई त्याच टेबलाशी आल्या, वाकल्या. आकडा चढला. मागे सरल्या, उतरला. पुन्हा वाकल्या. किल्ल्या घेऊन आलेला शिपाई दारातच थांबला. “बिघडलंय का काही?” “नाही हो,” मीटरवरची नजर न काढता बाई म्हणाल्या, “मी आले की त्याला कळतं.”