कोपराएवढी भिंत

"डावीकडे, आई. अजून थोडं. अहो, तुमचं डावं!"

"मी काय नांगराचा बैल आहे का गं, मारेथाबिले?" म्हातारी मात्सेलिसो काठी टेकत दोन पावलं सरकली. "इथं?"

"तिथंच. आता मेख ठोका."

सून दारात उभी होती. तिच्या हातात सिमेंटच्या गोणीचा फाडलेला कागद होता आणि त्यावर तिनं कोळशानं वाफा आखला होता. परसाच्या मातीत ती येऊ शकत नव्हती. तिच्या अंगावर शोकाचं काळं होतं. नवरा जाऊन सात महिने झाले होते, आणि काळ्यातल्या बाईचा पाय लागला की लावलेलं कोमेजतं, हे गावात कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. म्हणून गुडघे धरलेल्या सासूनं मेखा ठोकायच्या आणि सुनेनं दारातून सांगायचं, असं चाललं होतं.

ऑगस्ट, म्हणजे इथला हिवाळा, संपत आला होता. डोंगरमाथ्यावर अजून बर्फ होता, पण खाली पीचच्या झाडांना फुलं आली होती. पंधरा दिवसांत बी पडायला हवं होतं.

मात्सेलिसोनं मेखेला सुतळी बांधली, ताणून धरली आणि लंगडत गोल फिरली. काठीच्या टोकानं मातीत वर्तुळ उमटलं. मधोमध काटक्यांची उभी टोपली येणार होती. तिच्यात राख, शेण आणि भाजीच्या साली टाकायच्या, वरून भांडी धुतलेलं पाणी ओतायचं, की भोवतालची माती आपली आपण ओली राहते. टोपलीपर्यंत हात पोचायला एका बाजूनं चिंचोळी वाट. कडेनं दगडांची भिंत.

म्हातारी आज मनातून खूश होती. काळं उतरवायचा दिवस ठरवणं तिच्या हातात होतं. घरात दुसरं वडीलधारं कुणी उरलं नव्हतं. ईस्टरनंतर बघू, असं ती आधी म्हणाली. मग, थंडी सरू दे, म्हणाली. आता म्हणत होती, वर्ष पुरं होऊ दे. काळ्यातल्या बाईनं सूर्य मावळायच्या आत घरी असायचं असतं. सुनेची बहीण राजधानीत, मासेरूला, शिलाईच्या कारखान्यात होती. काळ्यात सून तिच्याबरोबर कामाला कशी जाणार? पण आज सुनेनं आपणहून कागद काढला होता. जी बाई इतकं मन लावून वाफा आखते, ती कुठं जाते?

"वाट जरा रुंद ठेवा. तुमची काठी मावली पाहिजे."

"काठीच काय, ढोल वाजवत जाईन मी आत. लावायचं काय ते सांग."

"पालक. एकदा लावला की वर्षभर नुसती पानं खुडायची. कांद्याची पात. थोडं बीट."

"आणि बटाटे?"

"बटाट्याला खणावं लागतं."

"मग खण की! बरं, भोपळा?"

"भोपळा उचलायला दुसरं माणूस लागतं, आई."

म्हातारी हसली. "घरात दोघी आहोत. आणखी कोण हवंय तुला, गावचा मुखिया?"

सून हसली नाही. तिनं कागदाकडे पाहिलं. "आता रेघेवर उभ्या राहा. काठी शेजारी सरळ धरा, हात दुमडा. कोपर येतो तिथं काठीला सुतळी बांधा. तेवढी भिंत."

"माझा कोपर कशाला? तुझा घे. तू माझ्याहून वीतभर उंच. एवढ्याशा भिंतीपाशी तुझी पाठ मोडेल."

"नाही. तुमचाच."

"अगं, पण राबणार तू..."

वाऱ्यानं कागद फडफडला. सुनेनं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

मात्सेलिसो रेघेवर तशीच उभी राहिली. तिनं वर्तुळाकडे पाहिलं, मग वाटेकडे. हा एकट्या म्हातारीचा वाफा होता.

"बहिणीनं बोलावलंय?" तिनं विचारलं.

"हो."

"कधी?"

"मे महिन्यात."

"मला बोलली नाहीस."

"काय बोलणार, आई? अंगावर काळं असताना?" मग हळूच म्हणाली, "तुम्ही वर्ष म्हणालात तर वर्ष. मी थांबेन."

म्हातारीनं अंगावर पांघरलेल्या ब्लँकेटची टाचणी काढली आणि पुन्हा तिथंच लावली. थांब म्हटलं की झालं, एवढंच होतं. तिनं काठी सरळ केली, हात दुमडला, कोपरापाशी सुतळी गुंडाळली. बोटं थंडीनं आखडली होती. गाठ बसायला वेळ लागला.

"शनिवारी माझ्या भावाला बोलावते," ती गाठीकडे बघत म्हणाली. "काळं उतरवून टाकू. रविवारी ये या मातीत. दगड तुलाच रचायचेत, माझ्याच्यानं व्हायचं नाही."

दारात सून कागदाची घडी घालू लागली.

"केनेवे."

सुनेनं मान वर केली. लग्नाच्या दिवशी या घरानं तिला, पुढं होणाऱ्या मुलीवरून, मारेथाबिले, म्हणजे रेथाबिलेची आई, असं नाव दिलं होतं. रेथाबिले जन्माला आली नाही, तरी नाव राहिलं. केनेवे हे तिचं माहेरचं नाव नऊ वर्षांत या घरात कुणी घेतलं नव्हतं.

"खुणेपेक्षा एक थर कमीच रच," सासू म्हणाली. "पुढच्या वर्षी मी आणखी वाकलेली असेन."